प्रशिक्षण विमाने परदेशी सरकारला विकावीत का? हॉक विमानांच्या वादाच्या आधारे सविस्तर उत्तर

प्रश्न असा आहे: लष्करी प्रशिक्षण विमान हे वैमानिक घडवण्याचे साधन आहे, मग ते एखाद्या परदेशी सरकारला विकण्यावरून संसदेत, न्यायालयात आणि राजदूतांच्या बैठकांत इतका वाद का होतो, आणि विक्रेत्या देशाने आपला निर्णय कशाच्या आधारे घ्यावा?

संरक्षण सामग्रीच्या खरेदी-विक्रीच्या कागदपत्रांवर अनेक वर्षे काम केल्यानंतर माझे ठाम मत असे झाले आहे की, विमान कोणत्या नावाने विकले जाते याला या वादात सर्वांत कमी महत्त्व द्यावे. ते कोणत्या सरकारच्या हाती जात आहे, ते सरकार त्या वेळी कोणाशी लढत आहे आणि विमान ताब्यात दिल्यानंतर विक्रेत्याच्या हाती नियंत्रणाचे कोणते साधन उरणार आहे, हे तीन प्रश्न आधी सोडवले पाहिजेत. यातल्या तिसऱ्या प्रश्नाकडे नेहमीच दुर्लक्ष होते आणि नंतरचे बहुतेक राजनैतिक वाद त्यातूनच उभे राहतात.

आधी तांत्रिक बाजू पाहू. प्राथमिक प्रशिक्षणाचे छोटे पंख्याचे विमान आणि लढाऊ वैमानिक तयार करणारे प्रगत जेट प्रशिक्षण विमान यांत मोठे अंतर आहे. प्रगत विमानावर शिकणाऱ्याला बॉम्ब टाकणे, तोफ चालवणे, जमिनीवरच्या लक्ष्यावर सूर मारणे हे सगळे प्रत्यक्ष करून शिकावे लागते, त्यामुळे त्या विमानाच्या पंखाखाली शस्त्रे टांगण्याची सोय मुळातच असते. ब्रिटनच्या हॉक विमानाने २१ ऑगस्ट १९७४ रोजी पहिले उड्डाण केले ते प्रशिक्षण विमान म्हणूनच. पण १९८० च्या दशकात ब्रिटिश वायुदलाने आपल्याच सुमारे ८८ हॉक विमानांवर साइडवाइंडर ही हवेतून हवेत मारा करणारी क्षेपणास्त्रे बसवण्याची व्यवस्था केली, जेणेकरून युद्धप्रसंगी ती देशाच्या हवाई संरक्षणात उतरवता येतील. निर्मात्या देशाने स्वतःसाठी जी शक्यता गृहीत धरली, ती ग्राहक देश गृहीत धरणार नाही असे मानणे भाबडेपणाचे होते. त्यात आणखी एक गोष्ट आहे. ज्या प्रतिपक्षाकडे विमानविरोधी तोफा किंवा क्षेपणास्त्रे नाहीत, त्याच्याविरुद्ध स्वनातीत वेगाचे महागडे लढाऊ विमान फारसे उपयोगी पडत नाही. तिथे हळू उडणारे, खालून घिरट्या घालू शकणारे, चालवायला स्वस्त असलेले हलके विमानच अधिक घातक ठरते. इंडोनेशियाने बळकावलेल्या पूर्व तिमोर या शेजारी प्रदेशाच्या डोंगरांत १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंडोनेशियाने अमेरिकी बनावटीची ओव्ही-१० ब्रॉन्को ही हलकी विमाने वापरली, त्यामागचे कारण हेच होते.

कायद्याने ही संदिग्धता पूर्ण मिटवलेली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९९१ मध्ये स्थापन झालेल्या पारंपरिक शस्त्रास्त्र नोंदवहीत लढाऊ विमानांच्या व्याख्येतून प्राथमिक प्रशिक्षण विमाने वगळली आहेत, मात्र ती शस्त्रे वापरण्यासाठी बनवलेली, सज्ज केलेली किंवा बदललेली नसावीत अशी अट आहे. स्वित्झर्लंडने युद्धसामग्री आणि सामान्य माल यांच्या मधोमध ‘विशेष लष्करी वस्तू’ असा वेगळा वर्ग निर्माण केला आणि शस्त्रे टांगण्याची सोय नसलेली पिलाटस कंपनीची विमाने त्या वर्गात ठेवली, म्हणजे त्यांच्या निर्यातीला युद्धसामग्रीच्या कायद्याची कठोर कसोटी लागू होत नाही. अशा वर्गवारीचा हेतू वाईट असतो असे मी म्हणणार नाही, कारण प्रत्येक राज्यव्यवस्थेला कुठेतरी रेषा आखावीच लागते. पण रेषा विमानाच्या रचनेवरून आखली गेली, की ते विमान कोण आणि कुठे वापरणार हा विचार मागे पडतो.

आता इंडोनेशियाचे प्रकरण, ज्यात या वादाचे जवळजवळ सर्व पैलू एकत्र आले. इंडोनेशियाने ७ डिसेंबर १९७५ रोजी पूर्व तिमोरवर आक्रमण केले. त्याच महिन्यात सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक ३८४ करून सैन्य मागे घेण्यास सांगितले आणि इंडोनेशियाने तो मानला नाही. या पार्श्वभूमीवर १९७८ मध्ये, डेव्हिड ओवेन परराष्ट्रमंत्री असताना, ब्रिटनच्या मजूर पक्षाच्या सरकारने इंडोनेशियाला पहिली आठ हॉक विमाने विकण्यास मान्यता दिली. त्या वेळी सामान्य खासदार असलेल्या रॉबिन कुक यांनी लेख लिहून या विक्रीवर टीका केली होती. पुढे संख्या वाढत वीसवर गेली. १२ नोव्हेंबर १९९१ रोजी पूर्व तिमोरची राजधानी असलेल्या दिली शहरातील सांताक्रूझ दफनभूमीत इंडोनेशियाच्या सैनिकांनी निदर्शकांवर गोळीबार केला, त्याची दृश्ये जगभर दाखवली गेली आणि अमेरिकी काँग्रेसने इंडोनेशियाच्या लष्करी प्रशिक्षणाचा निधी तोडला. तरीही जून १९९३ मध्ये ब्रिटनने आणखी २४ हॉकचा करार केला, आणि १९९६ मध्ये, ज्या वर्षी पूर्व तिमोरचे बिशप बेलो आणि जोसे रामोस होर्ता यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले त्याच वर्षी, आणखी १६ विमानांना परवाना दिला.

या आकड्यांमध्ये एक तपशील दडला आहे. १९९३ च्या २४ विमानांपैकी आठच दोन आसनांची होती. उरलेली १६ आणि १९९६ ची सर्व १६ विमाने हॉक २०० प्रकारची, म्हणजे एका आसनाची आणि रडार बसवलेली होती. एका आसनाच्या विमानात शिक्षक आणि विद्यार्थी एकत्र बसू शकत नाहीत. तरीही सार्वजनिक चर्चेत या सगळ्यांना सरसकट ‘हॉक प्रशिक्षण विमाने’ म्हटले जात राहिले. परवान्याची फाईल ज्याच्या टेबलावर येते त्याने पहिल्यांदा विमानाचा अचूक प्रकार आणि आसनांची संख्या वाचावी, असे मी नेहमी सांगत आलो आहे, ते याच कारणाने.

ब्रिटिश सरकारची भूमिका अनेक वर्षे अशी होती की इंडोनेशियाने ही विमाने पूर्व तिमोरमध्ये न वापरण्याचे आश्वासन दिले आहे आणि ते मोडल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही. तिमोरी साक्षीदार याच्या नेमके उलट सांगत होते. यातील कोण बरोबर होते यापेक्षा मला महत्त्वाचे वाटते ते हे की, सत्य तपासण्याची कोणतीही यंत्रणा करारात नव्हती. पूर्व तिमोरमध्ये परदेशी निरीक्षकांना आणि पत्रकारांना मोकळेपणाने जाता येत नव्हते, म्हणजे पुरावा मिळण्याचे मार्गच बंद होते, आणि पुरावा नाही हेच विक्री चालू ठेवण्याचे कारण म्हणून सांगितले जात होते. हा युक्तिवाद मला आजही अस्वस्थ करतो. ज्या प्रदेशात डोळे पोहोचू शकत नाहीत तिथल्या शांततेला निर्दोषत्वाचा दाखला मानण्याचा अधिकार कोणत्याही परवाना अधिकाऱ्याला नाही.

जानेवारी १९९६ मध्ये इंग्लंडमधील वॉर्टन येथील कारखान्यात तीन स्त्रिया शिरल्या आणि इंडोनेशियासाठी तयार झालेल्या एका हॉकची त्यांनी हातोड्यांनी मोडतोड केली. चौथ्या सहकारी स्त्रीलाही नंतर अटक झाली. आपण नरसंहाराला होणारी मदत थांबवत होतो, असा बचाव त्यांनी केला, आणि ३० जुलै १९९६ रोजी लिव्हरपूलच्या न्यायालयात ज्युरीने चौघींना निर्दोष ठरवले. मालमत्तेची नासधूस हा निषेधाचा योग्य मार्ग आहे का, यावर मतभेद असू शकतात आणि माझेही आहेत. पण सामान्य नागरिकांच्या ज्युरीने असा निकाल दिला याचा अर्थ सरकारचा खुलासा लोकांना पटत नव्हता, हे राजनैतिक अधिकाऱ्यांनी गांभीर्याने घ्यायला हवे होते.

पुढच्या वर्षी मजूर पक्ष सत्तेत आला, रॉबिन कुक स्वतः परराष्ट्रमंत्री झाले आणि १२ मे १९९७ रोजी त्यांनी परराष्ट्र धोरणाला नैतिक परिमाण असेल अशी घोषणा केली. सर्वांचे लक्ष अर्थातच १९९६ मध्ये परवाना मिळालेल्या त्या १६ विमानांकडे गेले. जुलै महिन्यात सरकारने शस्त्रनिर्यातीचे नवे निकष जाहीर केले, पण आधीच्या सरकारने दिलेले परवाने रद्द करणे व्यवहार्य नाही, अशी भूमिका घेतली. माझ्या मते ही कुक यांची व्यक्तिगत माघार मानण्यात अर्थ नाही. एकदा करार झाला, परवाना मिळाला आणि उत्पादन सुरू झाले, की नुकसानभरपाईचे दावे, कामगारांच्या नोकऱ्या, इतर ग्राहकांचा विश्वास आणि परस्पर संबंध हे सगळे एकाच बाजूला जमा होते. मंत्री कितीही प्रामाणिक असला तरी त्या टप्प्यावर त्याच्या हाती फार थोडे उरते. धोरण बदलायचे असेल तर ते पहिल्या परवान्याच्या वेळी बदलावे लागते, आणि तो परवाना बहुधा आधीच्या सरकारने दिलेला असतो.

३० ऑगस्ट १९९९ रोजी पूर्व तिमोरमध्ये सार्वमत झाले, ७८.५ टक्के तिमोरी मतदारांनी स्वातंत्र्याच्या बाजूने कौल दिला आणि लष्कराच्या पाठिंब्याने वावरणाऱ्या टोळ्यांनी जाळपोळ व हत्या सुरू केल्या. त्या उन्हाळ्यात हॉक विमाने दिलीवरून उडाल्याचे ब्रिटिश सरकारलाही मान्य करावे लागले. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ब्रिटनने विमाने पाठवणे थांबवले आणि त्यानंतर युरोपीय संघाने चार महिन्यांची शस्त्रबंदी लादली. ती जानेवारी २००० मध्ये संपली. पहिल्या विक्रीपासून बंदीपर्यंत एकवीस वर्षे गेली होती, आणि बंदी आली तेव्हा बहुतांश विमाने इंडोनेशियाच्या ताब्यात होती. पूर्व तिमोरच्या सत्यशोधन आयोगाने १९७४ ते १९९९ या काळात संघर्षामुळे झालेल्या मृत्यूंची संख्या किमान १,०२,८०० असल्याचा अंदाज पुढे दिला. यातील किती मृत्यूंशी हॉकचा संबंध होता हे कोणी सांगू शकत नाही आणि मीही सांगत नाही. परंतु ज्या सरकारच्या धोरणामुळे ते झाले, त्याच सरकारशी हा व्यवहार अखंड चालू होता.

लेखी आश्वासनाबद्दल थोडे अधिक सांगतो, कारण राजनैतिक चर्चेत त्यावर फार भार टाकला जातो. अंतिम वापराचे प्रमाणपत्र, म्हणजे माल कोण आणि कशासाठी वापरणार हे खरेदीदाराने लिहून दिलेले आश्वासन, हा एक उपयुक्त कागद आहे. माल तिसऱ्या देशाकडे वळवला जाऊ नये यासाठी तो बऱ्यापैकी काम करतो. पण खरेदीदार सरकारने स्वतःच्याच भूमीवर विमान कसे वापरावे याचे बंधन त्या कागदाने पाळले जाईल, अशी अपेक्षा ठेवणे चुकीचे आहे. चाडने २००६ मध्ये पिलाटस पीसी-९ विमान केवळ प्रशिक्षणासाठी असल्याचे लिहून दिले, आणि दोन वर्षांच्या आत ते शस्त्रसज्ज करून बंडखोरांविरुद्ध वापरल्याचे उघड झाले. इंडोनेशियाच्या हॉक विमानांचा प्रश्न मे २००३ मध्ये पुन्हा वर आला, या वेळी इंडोनेशियाच्याच आचे प्रांतातील लष्करी मोहिमेच्या संदर्भात, आणि ब्रिटनला जकार्ताला जुन्या आश्वासनांची आठवण करून द्यावी लागली. आठवण करून देणे यापलीकडे ब्रिटनच्या हाती काय होते, हा प्रश्न त्या वेळी विचारला गेला, आणि त्याचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही.

विक्रेत्याच्या हाती खरोखर काही उरत असेल तर ते सुटे भाग, दारूगोळा, इंजिनांची मोठी दुरुस्ती आणि तंत्रज्ञांची सेवा यांच्या रूपाने उरते. जेट विमान पंचवीस-तीस वर्षे वापरले जाते आणि एवढ्या काळात त्याला सतत पुरवठा लागतो. म्हणून विमानापेक्षा सुट्या भागांच्या परवान्यावर सरकारची खरी परीक्षा होते. झिम्बाब्वेकडे १९८० च्या दशकापासून हॉक विमाने होती आणि १९९८ पासून त्याचे सैन्य काँगोच्या युद्धात उतरले होते. जानेवारी २००० मध्ये टोनी ब्लेअर यांच्या सरकारने त्या हॉकच्या सुट्या भागांच्या निर्यातीला मान्यता दिली, परराष्ट्र खात्याचा याला विरोध असल्याच्या बातम्या आल्या होत्या, आणि काही महिन्यांतच धोरण उलटवून शस्त्रबंदी जाहीर करावी लागली. जे नियंत्रणाचे एकमेव साधन हाती होते, तेच त्या वेळी सरकारने आपणहून सोडून दिले होते. याउलट स्वित्झर्लंडच्या परराष्ट्र खात्याने जून २०१९ मध्ये पिलाटस कंपनीला सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिरातीतील पीसी-२१ विमानांसाठीचे साहाय्य बंद करण्याचा आदेश दिला. ती विमाने शस्त्रसज्ज नव्हती. पण ज्या वायुदलांसाठी वैमानिक तयार होत होते ती येमेनच्या युद्धात गुंतलेली होती. प्रशिक्षणाची साखळी हीदेखील युद्धक्षमतेचाच भाग आहे, हे मान्य करणारे असे निर्णय अजून फार थोडे आहेत.

पुरवठ्याच्या या साधनाचा वापर केवळ विक्रेताच करतो असे नाही. विमानात ज्या देशाचा एखादा भाग बसवलेला असतो, त्या देशालाही नकाराधिकार मिळतो. ब्राझीलची सुपर टुकानो विमाने व्हेनेझुएलाला जाऊ शकली नाहीत, कारण त्यांत अमेरिकी घटक होते. दक्षिण कोरियाच्या निर्मात्या कंपनीने २०२० मध्ये अर्जेंटिनाला कळवले की एफए-५० या हलक्या लढाऊ विमानात ब्रिटिश भाग असल्याने ते देता येणार नाही. त्यामागे ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यातील फॉकलंड बेटांचा जुना वाद होता. भारतालाही याचा अनुभव आहे. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकी निर्बंधांमुळे नौदलाच्या सी किंग हेलिकॉप्टरांचे भाग अडकले होते.

भारताचे उदाहरण आले म्हणून खरेदीदाराची बाजू मांडणे आवश्यक आहे, कारण ती न मांडता हा विषय एकतर्फी होतो. लढाऊ विमानांच्या अपघातांचा अभ्यास करणाऱ्या ला फाँतेन समितीने १९८२ मध्येच प्रगत जेट प्रशिक्षण विमान घेण्याची शिफारस केली होती. तरुण वैमानिक किरणसारख्या साध्या विमानावरून थेट मिग-२१ सारख्या वेगवान आणि अवघड विमानावर जात होते, आणि हे अंतर अनेकांच्या जिवावर बेतले. ६६ हॉक विमानांचा करार मार्च २००४ मध्ये झाला, म्हणजे शिफारशीनंतर बावीस वर्षांनी. दरम्यान २००२ मध्ये, संसदेवरील हल्ल्यानंतर भारत आणि पाकिस्तानची सैन्ये सीमेवर समोरासमोर उभी असताना, ब्रिटनने भारताला हॉक विकावे का यावर ब्रिटनमध्ये जोरदार वाद झाला. शांततेचे आवाहन करायला आलेल्या ब्रिटिश पंतप्रधानाने त्याच दौऱ्यात विमानांचा विषय काढावा का, हा आक्षेप मला रास्त वाटतो. मात्र विक्रीच रोखावी, हा आक्षेप मला मान्य नव्हता. गरज दोन दशकांपूर्वी लेखी नोंदवलेली होती, विमाने दोन आसनांची होती, ती बीदरच्या प्रशिक्षण तळावर जाणार होती आणि त्यांपैकी ४२ हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये बांधली जाणार होती. तेच हॉक विमान, तोच विक्रेता, आणि तरीही इंडोनेशिया व भारत यांच्या बाबतीत योग्य उत्तर वेगवेगळे निघते.

‘आपण नाही विकले तर दुसरा कोणी विकेल’ या युक्तिवादाचेही उत्तर द्यायला हवे. तो वस्तुस्थिती म्हणून बराचसा खरा आहे. शस्त्रबंदीचा अनुभव घेतलेल्या इंडोनेशियाने २००३ मध्ये रशियाकडून सुखोई विमाने घेतली आणि २०११ मध्ये जुन्या हॉकच्या जागी दक्षिण कोरियाची १६ टी-५० विमाने मागवली. म्यानमारच्या लष्कराला रशियाची याक-१३० आणि चीनची के-८ ही प्रशिक्षण विमाने मिळाली, आणि २०२१ मध्ये लष्कराने सत्ता बळकावल्यानंतर ती स्वतःच्याच नागरिकांवरील हवाई हल्ल्यांत वापरली गेल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदकाने नोंदवले आहे. नकारामुळे हिंसा थांबेलच असे कोणी वचन देऊ शकत नाही. पण या युक्तिवादाने एक गोष्ट गृहीत धरली जाते की विमानाचा पुरवठा ही एकदाच होणारी घटना आहे. प्रत्यक्षात नवा पुरवठादार शोधणे, तंत्रज्ञ तयार करणे, सुट्या भागांचा साठा उभारणे यांत वर्षे जातात, आणि चालू संघर्षात ही वर्षे मौल्यवान असतात. शिवाय युरोपीय संघाने २००८ च्या सामाईक भूमिकेत शस्त्रनिर्यातीचे आठ निकष बंधनकारक केले आहेत, आंतरराष्ट्रीय शस्त्रव्यापार करार डिसेंबर २०१४ पासून लागू आहे, आणि अनेक विक्रेते एकाच कसोटीने नकार देऊ लागले की पर्यायी पुरवठादारांची संख्या आपोआप कमी होते.

आज भारतही विक्रेत्याच्या भूमिकेत येत आहे. एचटीटी-४० हे प्राथमिक प्रशिक्षण विमान निर्यातीसाठी पुढे केले जात आहे, शस्त्रनिर्यातीवर नियंत्रण ठेवणाऱ्या देशांच्या वासेनार व्यवस्थेत आपण डिसेंबर २०१७ मध्ये सामील झालो आहोत, तर शस्त्रव्यापार करारावर सही केलेली नाही. म्हणजे निर्णयाची जबाबदारी बाहेरच्या करारावर न ढकलता आपल्यालाच आखून घ्यावी लागणार आहे. माझी सूचना अशी की, परवाना देताना त्यातच विमानाचा प्रकार, आसने आणि शस्त्रे टांगण्याची ठिकाणे स्पष्ट लिहावीत. खरेदीदाराच्या तळावर ठरावीक काळाने पाहणी करण्याचा अधिकार मूळ करारात घालावा. सुट्या भागांचा पुरवठा थोड्या मुदतीच्या वेगळ्या परवान्यांनी करावा, एकदम दहा वर्षांचा साठा देऊ नये. आणि खरेदीदार सरकार स्वतःच्या लोकांविरुद्ध सशस्त्र मोहीम चालवत असेल तर विमानात एक बंदूकही बसत नसली तरी वाटाघाटी सुरूच करू नयेत. ही शेवटची अट व्यापार मंत्रालयाला जाचक वाटेल हे मी जाणतो, तरी तिच्यात सवलत देण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही.